आभाळाकडे वळवलेला कॅमेरा

"पिवळा रंग तुला शोभतो गो," फोनवर अझीम म्हणाला, आणि हाजरा गेटातच थबकली. एक पाय रस्त्यावर, एक आत, एका हातात मासळीची पिशवी, दुसऱ्या हाताने कानाशी धरलेला फोन, आणि डोक्यावर ती पिवळी ओढणी. सकाळी कपाटात हात घातला आणि जी आली ती तिने ओढून घेतली होती, एवढाच काय तो त्या ओढणीचा थाट. नवरा दोह्याला, ती रत्नागिरीत राजिवड्याच्या गल्लीत. मध्ये अख्खा समुद्र पसरलेला. "कुठली ओढणी?" तिने उगीचच विचारलं. "हीच की. आत्ता घेतलीयस ती." त्याच्या आवाजात कौतुक होतं, दुसरं तिसरं काही नव्हतं, हे तिला पुरतं कळत होतं. लेक मनाल एवढी नोकरी करण्याजोगी झाली, पण या माणसाने आजवर बायकोच्या कपड्याच्या रंगाचं नाव काढलं नव्हतं. आमटीत मीठ विसरलं तरी मुकाट जेवून उठणारा माणूस. एरवी असलं काही त्याच्या तोंडून निघतं तर तिने ते दिवसभर मनात घोळवलं असतं, भांडी घासताना एकटीच हसली असती. आज मात्र मानेवर कुणीतरी ओला हात ठेवावा तसं झालं. तिने वर पाहिलं. गच्चीच्या कठड्यावर, लोखंडी पट्टीला बसवलेला पांढरा कॅमेरा तिच्याकडे बघत होता. ती हसली, कारण हसायला हवं होतं. मग आत जाऊन तिने मासळी मोरीत ठेवली आणि बराच वेळ नळ सोडायचं विसरून तशीच उभी राहिली.

कॅमेरा लावला होता तो अझीमनेच, मागच्या सुट्टीत. शेजारच्यांचा पाण्याचा पंप चोरीला गेला होता. शिवाय सुट्टीवर आलेल्या माणसाला घरासाठी काहीतरी करून जायचं असतंच. एका खेपेला इन्व्हर्टर झाला, एका खेपेला गच्चीवर पत्रे, या खेपेला हा. मनाल पुण्याला नोकरीला लागल्यापासून घरात हाजरा एकटी. "तू एकटी असतेस, मला तिकडे झोप येत नाय," तो म्हणाला होता, आणि ते खोटं नव्हतं. तो भोकं पाडत होता तेव्हा शिडी तिनेच धरली होती. राखण करायची म्हणजे बघत बसायचं, हे तेव्हा दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. आता, नळाशी उभी राहून, ती गेल्या कित्येक दिवसांचा आढावा घेऊ लागली. मासेवालीशी दोन रुपयांवरून हमरीतुमरीवर आलेली आपण. दारातच चप्पल काढून टाच खाजवणारी आपण. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, संध्याकाळी गेटावर हात ठेवून नुसती उभी असलेली आपण. त्या उभं राहण्याला काही नाव नव्हतं. ती कुणाची वाट बघत नसे, कुणाशी बोलत नसे. भाट्याच्या खाडीवरून वारा यायचा, होड्या परत यायच्या, आणि दिवसभर कुणाची ना कुणाची कोणीतरी असलेली ती थोडा वेळ कुणाचीच कुणी नसायची. हे सगळं त्याने पाहिलं होतं तर. काय वाटलं असेल त्याला? त्याने कधी विचारलं नाही, आणि त्याने विचारलं नाही हेच तिला टोचू लागलं. त्यानंतर ती गेटापर्यंत जायची ती हातात काहीतरी घेऊनच जायची, केराची बादली नाहीतर झाडू, म्हणजे तिथे असायला कारण राहील.

दाभोळला तिच्या अब्बांची लाँच होती. लहानपणी ती धक्क्यावर पाय सोडून बसायची, जाळी शिवणाऱ्यांच्या गप्पा ऐकायची, आणि पाण्याचा वास रात्री अंथरुणापर्यंत तिच्या केसांत असायचा. मग एके दिवशी अम्मी म्हणाली, आता धक्क्यावर जायचं नाय, लोक बघतात. कोण लोक? धक्क्यावर तर तेच ते सगळे, ज्यांच्या मांडीवर ती वाढली. पण दुसऱ्या दिवसापासून धक्का तिने खिडकीतून पाहिला. 'लोक बघतात' हे दोन शब्द तिच्याबरोबर पाठराखणीला आल्यासारखे राजिवड्याला आले, सासूच्या तोंडी बसले, सासू गेल्यावर जावेच्या. जाऊ मुंब्र्याला राहायला गेली, मनाल पुण्याला गेली, आणि घर रिकामं झालं तेव्हा बायका तिची कीव करू लागल्या. तिला मात्र चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा मोकळं वाटत होतं. हे ती कुणालाच सांगू शकली नसती. नवरा परमुलखात राबतो आणि बायको एकटी आहे म्हणून खुशीत आहे, हे सांगायचं तरी कोणत्या तोंडाने? पण खुशीत होती ती. आणि आता ती खुशी कुणीतरी, तेही प्रेमाने, काढून घेतली होती.

एका दुपारी गल्ली पेंगत असताना ती गच्चीवर गेली. हातात रुपयाचं नाणं होतं. कॅमेऱ्याच्या मानेचा स्क्रू तिने नाण्याने सैल केला. खरं तर तिला तो थोडासाच फिरवायचा होता, गेट तेवढं सुटेल इतका. पण जरा उजवीकडे फिरवला तर समोरच्यांची न्हाणीची खिडकी येत होती. डावीकडे फिरवला तर हाफिजसाहेबांचं अंगण, त्यांच्या सुना तिथे भांडी घासायच्या. आपल्याला जे नको ते दुसऱ्यांच्या दारात नेऊन टाकायचं, हे काही तिच्याच्याने होईना. खाली कुठेही वळवा, कुणाचं ना कुणाचं काहीतरी होतंच. वर तेवढं कुणी नव्हतं. म्हणून तिने तो वर केला, स्क्रू पिळला, आणि जिना उतरली. संध्याकाळी फोन आलाच. "कॅमेरा हलला काय गो? आभाळ दिसतंय." "वाऱ्यानं असेल," ती म्हणाली. "सरळ कर सवड मिळाली की." "करते," ती म्हणाली आणि केला नाही. त्याने आणखी एकदोनदा आठवण करून दिली, मग सोडून दिलं.

मग एकदा, 'जेवलीस?' 'हो, तुम्ही?' हे नेहमीचं उरकल्यावर, फोन ठेवायच्या बेतात तो म्हणाला, "काल संध्याकाळी ते काय होतं गो? मगरीबच्या आधी. गुलाबी, लांबच लांब." तिला काय माहीत? ती तेव्हा कांदा चिरत होती. पण तिला लाज वाटली. आपल्याच घरावरून काहीतरी गुलाबी लांबच लांब निघून गेलं, आणि ते दोह्यात बसलेल्या माणसाने पाहिलं. दुसऱ्या दिवशी ती त्या वेळेला गच्चीवर गेली आणि फोनवर तिनेच आधी सांगितलं, आज तसं नव्हतं, आज खवले होते, बांगड्याच्या पाठीवर असतात तसे. "पाहिलं," तो म्हणाला, "अर्धं आभाळ भरलं होतं." तो जिथे काम करायचा त्या खोलीला खिडकी नव्हती. भिंतभर स्क्रीन, त्यांवर पाइप आणि व्हॉल्व्ह, हिरवे दिवे हिरवेच आहेत ना हे बघत बसायचं. बाहेर आलं तरी वर धुऊन धुऊन विटलेल्या चादरीसारखं आभाळ. "इथं ढगच नाय. असली तर धूळ," तो म्हणायचा. हे त्याने आधी कधी सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांत तिनेही कधी विचारलं नव्हतं की तुमच्या डोक्यावर काय असतं. आता फोन लांबू लागले. घाटाकडून, देवरुखाच्या बाजूने दुपारी चढणारे ढग तो तिथून पाहायचा आणि विचारायचा, पडला काय? ती सांगायची, छे, नुसता गडगडला, मला मात्र कपडे काढायला पळवलं. तो हसायचा. एका रात्री दिवा मालवताना हाजराच्या लक्षात आलं की उद्या सांगायला आपण काहीतरी साठवून ठेवतो आहोत. तिला तिचा नवरा पुन्हा आवडू लागला होता.

आठवड्याला गोदूबाई भाजी घेऊन यायची, वरच्या गावातून, पहाटेच्या एसटीने. कॅमेरा गेटकडे होता तेव्हा ती टोपली उतरवायच्या आधी पदर सारखा करायची आणि वर बघून हात जोडायची. "भावजीनू, माजा रामराम," म्हणायची. कॅमेरा वर गेलेला पाहिला तेव्हा ती हिरमुसलीच. "आता गो काय? मी आपली नवी चोळी घालून आलंय." हाजराला हसू आलं. "गोदूबाई, तुला नाय गं कसंतरी होत? कुणी असं बघत बसलं तर?" गोदूबाईने दोडक्यांचा ढीग तिच्या पुढ्यात टाकला. "बाय माजे, माजा दादला लगीन झाल्यापासून मुंबैला. गणपतीत येतो नि झोपा काढतो. माझ्याकडं कोण बघतंय? तुजा तिकडं बसून बघतो तरी." मग ती म्हणाली, "पन न सांगता बघत आसंल तर नको गो. ता चोरून बघनां झालां." हे ती दोडकी मोजता मोजता म्हणाली आणि लगेच भावावर आली. हाजरा मात्र त्या दिवशी भाव करायला विसरली. कॅमेरा कुणी लावला, का लावला, यावर तिने कितीतरी विचार केला होता; पण तिला खुपत होतं ते बघणं नव्हतंच, विचारलं नाही हे होतं, एवढं साधं तिला सापडलं नव्हतं. सापडलं खरं, पण ते अझीमला कसं सांगायचं ते काही सापडेना.

आणि तेवढ्यात आभाळ पांढरं होऊ लागलं. म्हणजे राजिवड्यावरचं नव्हे. पाऊस परतीला लागलेला, हवा धुतलेली, वर पाहावं तर डोळे निवावेत असे दिवस. पांढरं झालं ते अझीमच्या फोनमधलं. "धुकं पडतंय काय तिकडं?" त्याने विचारलं. "छे हो, स्वच्छ आहे." "मग कॅमेऱ्यातच काहीतरी. सगळं दुधात बुडवल्यागत दिसतं." पुढच्या दिवशी तेच, त्याच्या पुढच्या दिवशी आणखी वाईट. गप्पा आपोआप आखडल्या. 'जेवलीस?' परत आलं. मग एका संध्याकाळी तो सहज म्हणून गेला, "जुम्म्याला मला सुट्टी आहे, तोवर बघ काय होतं ते. नाय जमलं तर परत गेटकडे वळवून टाक. निदान गेट तरी दिसेल. पांढऱ्या आभाळाला कशाला वीज जाळायची?" बोलणं अगदी बरोबर होतं. जुम्म्यापर्यंत आभाळ स्वच्छ दिसलं नाही, तर ती पुन्हा केराची बादली हातात धरून गेटाशी जाणारी बाई होणार होती. आणि ढगांवरून चाललेलं ते बोलणं, ज्यात दोघं इतक्या वर्षांनी भेटत होती, तेही संपणार होतं. या दोहोंपैकी कशाची भीती जास्त वाटते हे तिने मनाशी ताडून पाहिलं, तर तिला ते ठरवता आलं नाही.

ती कामाला लागली. सकाळी पाहिलं तर कोळ्याने कॅमेऱ्याच्या तोंडावर जाळं विणलं होतं. रात्री कॅमेरा स्वतःचा दिवा लावतो, त्याला किडे येतात, किड्यांना कोळी येतो. जाळं काढलं. काचेच्या आतल्या बाजूला दंव धरल्यासारखं वाटलं, म्हणून मनालच्या बुटांच्या खोक्यात आलेल्या, ओल शोषणाऱ्या त्या खडखडणाऱ्या पुड्या तिने मागचं झाकण उघडून आत ठेवल्या. आणि काच पुसली. ओल्या फडक्याने पुसली, कोरड्या फडक्याने पुसली, आणि मग, राजिवड्यात प्रत्येक वस्तूला लावतात तसा, खोबरेलाचा बोळा फिरवला. खाडीचा वारा खारा. तो काही म्हणून सोडत नाही. बिजागऱ्या, कुलपं, शिलाई मशीन, पंख्याची पाती, सगळ्याला तो गंज आणतो. अम्मीची शिकवण होती, आठवड्यातून एकदा तेलाची वाटी घ्यायची आणि घरभर फिरायचं. कॅमेरा आला त्या दिवसापासून हाजराने त्यालाही घरातलाच धरला होता. पट्टीला थोडं, स्क्रूला थोडं, आणि काच नाजूक म्हणून काचेला जरा जास्तच. "आता?" तिने फोन करून विचारलं. "पांढरं," तो म्हणाला. आणखी तेल लावलं. "आता?" "आणखीच पांढरं गो." गंमत अशी, की एवढी धडपड ती ज्या चित्रासाठी करत होती ते चित्र तिने कधी पाहिलंच नव्हतं. ते तिच्या डोक्यावर उमटायचं आणि थेट समुद्रापार जायचं. तिला त्यातलं दिसायचं ते फक्त कॅमेऱ्याचं तोंड.

गुरुवारी रात्री तिला झोप लागेना, आणि आठवलं ते भलतंच. अझीम तिला बघायला दाभोळला आला होता तो दिवस. त्याची अम्मी, मामा, दोन मावश्या, सगळ्यांनी तिला अगदी पायाच्या नखांपासून पाहून घेतलं. पोरगा तेवढा खिडकीबाहेर बघत होता. मामाने कोपराने ढोसलं तरी त्याची मान काही वळेना. ती आत गेल्यावर मैत्रिणी म्हणाल्या, त्याला तू पसंत नाहीस. हाजराला मात्र तिथल्या तिथे तो आवडला. सगळी खोली आपल्याला पारखत असताना या एकाने आपल्याला सोडून दिलं, असं तिला वाटलं होतं. पुढे लग्न झाल्यावर तिने विचारलं, तेव्हा काय बघत होतात? तो म्हणाला, बघत कसला होतो, तुझ्याकडे बघायचा धीर होत नव्हता. धीर व्हायला या माणसाला तेवीस वर्षं आणि एक कॅमेरा लागला, असा विचार तिच्या मनात आला आणि ती अंधारातच हसली. मग हसू ओसरलं. तो खोलीत एकटा, भिंतभर हिरवे दिवे, आणि संध्याकाळी हातातल्या फोनवर, बोटभर उंचीची आपली बायको पिशवी घेऊन गेटातून येताना. त्याला काय दिसत असेल याचा विचार ती इतके दिवस करत होती. त्याला कसं वाटत असेल याचा तिने केला नव्हता.

जुम्म्याची नमाज आटोपून त्याने फोन केला. ती गच्चीवर स्टुलावर चढून तयारच होती, फोन स्पीकरवर टाकून कठड्यावर ठेवलेला. "काय काय केलंस ते सांग," तो म्हणाला. तिने सांगितलं. जाळं, पुड्या, फडकं, खोबरेल.

"काय?"

"खोबरेल."

"काचेला?"

"मग? खारा वारा आहे. सगळ्याला लावते."

पलीकडे तो हसायला लागला. असा हसला की त्याला ठसका लागला, कुणीतरी त्याला तिकडच्या भाषेत काय झालं म्हणून विचारलेलं इथे ऐकू आलं. हाजरा आधी रागावली. "हसता काय? गंजून गेला असता म्हणजे?" "अगो, प्लास्टिकला कसला गंज? पाऊस होता तोवर धुऊन जायचं, आता तेलावर सगळी धूळ बसली, सगळं मीठ बसलं. तू त्याच्या डोळ्यात तेल घालतेस रोज, आणि वर विचारतेस दिसतंय का!" मग तिलाही हसू फुटलं. ती स्टुलावर, तो दोह्याला, आणि गल्लीतल्या मांजराने दचकून वर पाहावं इतकं दोघं हसली. खाली जाऊन तिने कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण आणला, मनालच्या जुन्या मलमलच्या दुपट्ट्याचा तुकडा घेतला. "हळू गो. घासू नको. गोल फिरव." तेल निघालं. बोटाखाली काच कुरकुरली. तिने कोरड्या तुकड्याने ती टिपली आणि बाजूला झाली.

"बरं आहे," तो म्हणाला. "कठडा लख्ख दिसतोय. पण आभाळ अजून पांढरं. थांब, आलं ध्यानात. पुसता पुसता जरा झुकलाय, कठड्याचा कोपरा येतोय खाली. तो सावलीत. कॅमेरा तो कोपरा बघायला डोळा मोठा करतो आणि वरचं आभाळ जळून जातं. मनालचा खिडकीपुढं काढलेला फोटो आठवतो? पोरगी दिसते, खिडकी नुसती पांढरी." तिला आठवत होता. "मग खिडकी हवी तर पोरीला बाजूला करायचं," ती म्हणाली. "तेच. वर कर. आणि सूर्य आत नको यायला. भगवतीच्या किल्ल्याच्या बाजूला फिरव, उत्तरेला." ती फिरवू लागली. थोडा वर. अजून. जास्त झाला. मागं घे. बस, बस. तो तिथून आकडे कमीजास्त करत होता, ती इथून बोटं. एकाच कामाला दोघांचे हात लागलेत असं लग्नानंतर किती वेळा झालं होतं? शिडी धरली होती तेव्हा, एकदा. "स्क्रू घट्ट कर आणि हात काढ," तो म्हणाला. तिने हात काढला आणि वर पाहिलं. किल्ल्यावर ढगांचा एक मोठा ढीग चढला होता, उन्हात न्हालेला, खालून काळसर.

"हाजरा."

"काय झालं?"

"कडा दिसतायत गो." त्याचा आवाज बदलला होता. "प्रत्येक ढगाची कड दिसतेय. पोटाची सावली दिसते. मागं निळं आहे ते... किती निळं आहे."

ती स्टुलावरून उतरली आणि त्याच स्टुलावर बसली. जिंकली होती ती. आता काही न बोलता खाली जाता आलं असतं. गेट तिचं राहिलं असतं, ढगही राहिले असते. पण त्या 'किती निळं आहे'नंतर तिला खोटं जवळ ठेवावंसं वाटेना. "ऐका," ती म्हणाली, "तो वाऱ्यानं नव्हता वळला. मी वळवला."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. वारा स्क्रू सैल करील. परत पिळून घट्ट नाय करणार. चित्र जराही हलत नव्हतं."

तिला रागही आला आणि हायसंही वाटलं. "मग बोलला का नाहीत?" "तू बोलली नायस म्हणून." मग तो म्हणाला, "मला वाटलं, तुला मी दिसायला नको झालोय." "मी कुठं तुम्हाला बघत होते? तुम्ही मला बघत होतात." "हां, तेच. म्हणजे मला बोलायला जमत नाय. मी पाळतीवर नव्हतो गो. अल्लाची शपथ. दिवसभर दिवे बघायचे, तेवढं एक माणूस चालताना दिसायचं. घरचं." हाजराचे डोळे भरून आले. तिने ते ओढणीने पुसले. इथे तिला कुणी बघत नव्हतं. "मग विचारायचं होतंत," ती म्हणाली. "मला कळलं असतं की आता तुम्ही बघताय, तर मी काय पळून गेले असते? पण न विचारता... मला गेटात उभं राहता येईना. माझंच गेट." "विचारलं असतं आणि तू नाय म्हणाली असतीस तर?" "तर नाही. एखाद्या दिवशी हो, एखाद्या दिवशी नाही." "कठीण आहे," तो म्हणाला. "आहेच," ती म्हणाली. यावर काही ठरलं नाही. त्याने कबूल केलं नाही, तिनेही वदवून घेतलं नाही. "जेवून घे," एवढं म्हणून त्याने फोन ठेवला, आणि ती कॅमेरा होता तसा किल्ल्याकडे सोडून खाली आली.

पुढचे काही दिवस तो आभाळाबद्दल काहीच बोलला नाही. तिनेही विषय काढला नाही. पण मनात हुरहूर होती. आपण जास्त तर बोललो नाही? एवढ्या लांब राहणाऱ्या माणसाला हो आणि नाहीचा हिशेब शिकवायला गेलो? मनालला फोनवर तिने अर्धंमुर्धं सांगितलं, तर ती म्हणाली, "अम्मी, बरं केलंस. मी असते तर कॅमेरा खाडीत टाकला असता." पोरीला ते सोपं होतं. हाजरा संध्याकाळी गेटावर गेली, हातात काही न घेता, आणि पूर्वीसारखी उभी राहिली. वारा तसाच होता. तरी तिला राहून राहून वाटत होतं की आपल्याला गेट मिळालं, पण आपण वर बघणारा एक माणूस घालवला.

मग एके सकाळी ती तांदळाची भाकरी थापत असताना फोन वाजून थांबला. मेसेज होता. पीठ लागलेल्या अंगठ्यानेच तिने उघडला. अझीमने लिहिलं होतं, "बघू का?" तिला आधी कळेचना. काय बघू का? गेट तर आता दिसतच नाही. उरलं आभाळ, आणि ते तर त्याच्याच फोनमध्ये, त्याने बोट लावलं की उघडणारं. त्याला तिच्या परवानगीची काय गरज? आणि मग एकदम कळलं. भाकरी तव्यावर होती, ती तिने कशीबशी उतरवली आणि जिना चढून गच्चीवर गेली. आभाळ अगदीच मेलं होतं. सपाट, राखाडी, त्यात बघण्यासारखं काही नाही. हे त्याला दाखवायचं? "थांबा जरा," तिने लिहिलं. त्याने ते वाचल्याच्या खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही. तिने ओल्या फडक्याने काच पुसली, कोरड्याने टिपली आणि समुद्राच्या बाजूला बघत उभी राहिली. तिकडे त्याची चहाची वेळ असेल. हातात ग्लास, दुसऱ्या हातात फोन. मनात आणलं तर तो आत्ता, या क्षणी, उघडून बघू शकत होता. तिला कधीच कळलं नसतं. तो थांबला आहे हे तिला कुठूनच दिसत नव्हतं. पण तो थांबला होता, याची तिला तव्यावरच्या भाकरीइतकी खात्री होती, आणि त्या खात्रीने तिला इतकं हलकं वाटलं की ती मोठ्याने हसली. भगवतीच्या किल्ल्यामागून राखाडी पडदा फाटू लागला. आधी नुसती एक उजळ रेघ, मग तिच्या पाठोपाठ एक ढग, पांढरा, फुगलेला, खालून निळसर, समुद्रावरून सावकाश चालत आलेला. कॅमेरा बघत होता तिथपर्यंत त्याची कड पोहोचली. तिने घाई केली नाही. पुरता येऊ दिला त्याला. मग लिहिलं, "बघा." आणि कॅमेऱ्याच्या मागे, तो बघत होता त्याच बाजूला तोंड करून, तीही मान वर करून उभी राहिली.